दहा रेघा, पंधरा रेघा

२०१८ सालचा उन्हाळा. मी नाशिकला पंचवटीतल्या एका बँकेत कॅशला बसायचे. गर्दी ओसरल्यावर गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांनी काउंटरवर पिशवी रिकामी केली. दहा रुपयांची २८६ नाणी. खोटी आहेत अशी अफवा होती, म्हणून तेव्हा बाजारात ती कुणी घेत नव्हतं.

"ताई, आठ-आठ रुपयांनी घेतली तरी चालंल."

मला गलबलून आलं. महिनाभराची कमाई, आणि ती कमी भावानं द्यायला बाई तयार.

त्यांनी दोन नाणी वेगळी काढली. "रेघा मोजा. दहावाली खरी, पंधरावाली खोटी." मी मोजल्या. एकावर १०, दुसऱ्यावर १५. तिथेच ती अफवा किती पक्की आहे ते मला कळलं. बोट ठेवून मोजता येणारी खूण हाती दिली की माणूस पुढचं विचारत नाही. रेघांचा फरक खराच होता. २०११ मध्ये नाण्यावर रुपयाचं नवं चिन्ह आलं तेव्हा नक्षी बदलली, एवढंच. दोन्ही नाणी सरकारचीच.

"कुणी सांगितलं?"

"प्रेसमधल्या माणसानं. आतली बातमी हाये."

आमच्याकडे या वाक्यापुढे कुणाचं चालत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, आणि गल्लीगल्लीत कुणाचा तरी भाऊ नाहीतर जावई तिथे कामाला. पैशाबद्दल त्यानं सांगितलं म्हणजे झालं. पण नाणी तिथे होतच नाहीत. ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडाच्या टांकसाळीत पाडतात. त्या माणसालाही ते कुणीतरी सांगितलेलंच असणार. नोटाबंदीत दोन हजारांच्या नोटेतल्या चिपची बातमी मलाही अशीच 'प्रेसमधून' कळली होती. मी कॅशियर असून दोन दिवस ती खरी धरली, सासूबाईंनाही सांगितली.

आणि बाजारात तर सगळ्यांना पटलेलं असायचीही गरज नव्हती. पुढचा घेणार नाही म्हणून हा घेत नव्हता.

मी २,८६० रुपये पूर्ण खात्यात जमा केले. रिझर्व्ह बँकेनं त्याच जानेवारीत कळवलं होतं की दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चलनात आहेत. तो कागद छापून दिला. मावशींना वाचता येत नव्हतं. "शिक्का मारा," म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी शाखेचा शिक्का मारला, मावशींनी कागद चंचीत ठेवला.

पुढच्या बुधवारी बाजार उरकून चौघीजणी पिशव्या घेऊन आल्या. कागदाचं नावही कुणी काढलं नाही. पहिलीनं विचारलं, "मावशींच्या वळखीची ताई बँकेत हाये म्हने. ती तुम्हीच का?"