मढ्याला मुंग्या लागतात

हौशी भयपटातलं सगळ्यात स्वस्त पात्र म्हणजे रक्त. मानधन नाही, संवाद नाहीत, तरी सेटवर सर्वांत जास्त नखरे त्याचेच.

बेकरीच्या सामानाच्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणावं. एक कप ग्लुकोज, पाव कप कोमट पाणी, चमचाभर पातळ लाल खाद्यरंग. एवढ्यावर थांबलं तर कॅमेऱ्यात कोकम सरबत दिसतं, कारण पाकातून उजेड आरपार जातो. म्हणून अर्धा चमचा कोको, आधी थोड्या पाण्यात कालवून. कोरडा टाकला की गुठळ्या. निळा रंग फक्त काडीच्या टोकाने. जास्त झाला तर रक्त जांभळाकडे झुकतं आणि खुनाऐवजी जांभळाच्या झाडाखालची दुपार वाटते. 1968 च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चं चॉकलेट सिरपवर भागलं, पण तो कृष्णधवल होता.

खरी फजिती पिचकारीची. 50 मिलीची सिरिंज, सलाईनची नळी, नळीचं तोंड शर्टाच्या आत चिकटपट्टीने बसवलेलं. सुरा लागतो, नट किंचाळतो आणि नळीतून येते नुसती हवा. 'फुर्रर्र' असा आवाज माइक इमानाने टिपतो. नट कोसळून मरतो, त्यानंतर रक्त उडतं. उपाय सोपा: नळी आधी भरून हवा काढायची, पाकात निम्मं पाणी घालायचं. थंडीच्या रात्री तर हे हवंच, पाक दाट होतो.

अशा चुकांवरच जपानी दिग्दर्शक शिनिचिरो उएदांनी 2017 मध्ये 'वन कट ऑफ द डेड' हा झाँबीपट उभा केला. खर्च सुमारे 30 लाख येन. पहिली 37 मिनिटं एकच अखंड शॉट, आणि तो बराच गचाळ: पात्रं उगाच थबकतात, संवाद भरकटतात, भिंगावर रक्त उडतं, कोणीतरी ते पुसतं. (पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडा.) उत्तरार्धात प्रत्येक गचाळपणाचं कारण कळतं, आणि ते कारण झाँबींपेक्षा भारी निघतं. गचाळपणा इतका नेमका बसवायला तालीम किती लागली असेल, हे एकदा तरी नळी भरलेल्या माणसालाच कळावं.

कपड्यांवरच्या रक्तात चमचाभर भांड्यांचा साबण घातला तर डाग लवकर निघतो. ते तोंडात किंवा डोळ्यात जाता कामा नये, म्हणून बाटल्या दोन, चिठ्ठ्याही दोन. शर्ट एकसारखे तीन घ्या; दिग्दर्शक 'एकाच टेकमध्ये होईल' म्हणाला तर चार.

आणि मढं फार वेळ पडून ठेवू नये. पापण्या चिकटतात, मग शेवटी दचकवण्यासाठी डोळे उघडायचे तर एकच उघडतो. जमिनीवर मढ्यापासून हातभर लांब लक्ष्मणरेषेचा खडू फिरवावा. मुंग्यांना सीन लागलेला कळत नाही.