हॅव्हरची कणगी

सिअ‍ॅटलहून शिकागोला जाणारी 'एम्पायर बिल्डर' ही रेल्वेगाडी हॅव्हरला इंधन भरायला थांबते, तेवढेच पाय मोकळे होतात. अमेरिकेतल्या माँटाना राज्याच्या उत्तर टोकाचं हे गाव. नाव घेतलंय फ्रान्सच्या ल हाव्र बंदराचं, उच्चार मात्र गावकऱ्यांनी जिभेला सोसेल असा करून घेतला. त्याआधी गावाला बुलहुक बॉटम्स म्हणत. रेल्वेवाल्यांना ते वेळापत्रकात छापायची लाज वाटली असावी!

स्टेशनाशेजारी ग्रेट नॉर्दर्न या रेल्वे कंपनीचं 2584 नंबरचं वाफेचं इंजिन उभं करून ठेवलंय. लोक त्याच्यापाशी फोटो काढत होते. माझ्या डोक्यात मात्र सकाळपासून खिडकीतून पाहिलेले एलिव्हेटर होते. अमेरिकेत धान्याच्या कोठाराला एलिव्हेटर म्हणतात. मला अजूनही आधी लिफ्टच आठवते.

चेस्टर, जॉपलिन, इन्व्हर्नेस, रडयार्ड, हिंगम, गिल्डफर्ड, क्रेमलिन. ही गावं ओळीने येतात. कुणीतरी पृथ्वीचा गोल फिरवून, बोट ठेवून नावं ठरवली, असं गमतीत सांगतात. गाव यायच्या आधी कोठार दिसतं. मग चार घरं, एखादं चर्च, आणि पुन्हा नुसता गहू. दोन गावांतलं अंतर घोड्यांच्या पायांनी ठरलं होतं: शेतकऱ्याने सकाळी गाडी जुंपून निघावं, गहू घालावा आणि दिवेलागणीला घरी पोचावं. 1893 मध्ये या मार्गाचे रूळ सिअ‍ॅटलला पोचले. 1909 च्या कायद्याने 320 एकर जमीन मिळू लागली, तशी माणसं लोटली आणि कोठारं उगवली. पेव फुटणं म्हणतात ते हेच! फक्त आपलं पेव जमिनीखाली, यांचं आभाळात.

आतली करामत आहे आपल्या रहाटगाडग्याची. गाडी काट्यावर चढते, गहू खालच्या खड्ड्यात ओतला जातो, पट्ट्यावरचे डबे तो भरभरून माथ्यावर नेतात आणि तिथून तो नळीने हव्या त्या कप्प्यात पडतो. पुढे वॅगन भरायची ती उतारानेच, हमाल नको की पोती नकोत. 1842 मध्ये बफलो शहरात जोसेफ डार्टने ही युक्ती वाफेवर चालवून दाखवली. जुनी कोठारं लाकडाची, फळ्या आडव्या एकावर एक ठेवून खिळे ठोकलेली. वरून पत्रा मारायचे, कारण इंजिनाची एक ठिणगी पुरे.

काट्यावरून भांडणं इथेही होतीच. कचऱ्याच्या नावाखाली वजन कापायचं, प्रत खाली उतरवायची. आपल्या मार्केट यार्डातला कडता समुद्र ओलांडून आला म्हणा. शेजारच्या नॉर्थ डकोटाचे शेतकरी इतके वैतागले, की 1922 मध्ये राज्याने स्वतःची गिरणी आणि कोठार सुरू केलं.

आजी अमेरिकेच्या गव्हाला नाकं मुरडायची. रेशनच्या रांगेत उभं राहून आणायचा आणि पोळी करताना त्याच्या नावाने बोटं मोडायची. गाजरगवत त्या गव्हाबरोबरच आलं, असं पुण्यात आजही ठामपणे सांगतात. तिच्या परातीतला गहू यांतल्या कुठल्या कोठारातून आला असेल का, कोण सांगणार? मी मान वर करून पाहिलं मात्र.

ट्रक आले, रस्ते झाले, लहान कोठारांचं काम संपलं. आता थोडक्याच ठिकाणी अवाढव्य कोठारं आहेत, तिथे 110 वॅगनची गाडी एका दमात भरते. जुन्या पत्र्यांवर मालकांची नावं उडत चाललीत.

कंडक्टरने हाक मारली. आम्ही सुटलो तेव्हा शेजारच्या रुळावरून धान्याची मालगाडी पश्चिमेला, कोलंबिया नदीवरच्या बंदरांकडे निघाली होती. मालगाडी दिसली की डबे मोजायचे ही लहानपणची खोड. मोजू लागलो. एकोणसत्तरपर्यंत पोचलो, तेवढ्यात समोरच्या बाईंनी विचारलं, जेवणाच्या डब्यात नाव नोंदवलंत का? आकडा गेला.