१५ डेसिबल

कानात बारीक शिट्टी वाजते, रात्री तर झोपू देत नाही, ही तक्रार घेऊन तो आला. वय २६, व्हायोलिनवादक. ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकू येण्याच्या चाचणीच्या आलेखात, ४००० हर्ट्झला रेघ ३५ डेसिबलपर्यंत उतरलेली, ८००० ला पुन्हा वर आलेली. मोठ्या आवाजाने कान दुखावला की अशीच खाच दिसते. व्हायोलिनच कारणीभूत असेल, असं आधी वाटलं. पण ते डाव्या कानाशी असतं आणि खाच दोन्ही कानांत सारखी होती.

प्रवासात रोज तीन तास तो इअरफोनवर वाद्यवृंद ऐकायचा. "मोठ्याने नाही ऐकत, मॅडम. हळू भाग तर जेमतेम ऐकू येतो."

त्या 'जेमतेम'पाशी मी थांबले. अशा वेळी "आवाज कमी ठेवा" एवढंच सांगून पुढच्या पेशंटला बोलावणारे आमच्यात पुष्कळ आहेत. हळू भाग आधीच ऐकू येत नसताना तो आवाज कमी कसा करणार, हे कुणी विचारत नाही.

बूथमध्ये ७५ डेसिबलला गाडीची घरघर लावली आणि त्याला प्रवासातल्यासारखा व्हॉल्यूम लावायला सांगितलं. मग घरघर बंद करून मोजायला घेतलं. इअरफोनच्या कडेने मायक्रोफोनची केसासारखी बारीक नळी त्याच्या कानात पडद्याजवळ नेली. हे काम मला मनापासून आवडतं. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी वरच्या पट्टीतले आकडे खोटे येतात. शिवाय कानाची नळी स्वतःच आवाज फुगवते, ते वजा केल्याशिवाय पडद्याजवळचा आकडा सुरक्षित मर्यादेशी ताडता येत नाही. तो हिशेब करून हळू भाग ६७ आला आणि सगळी वाद्यं एकदम उठली तेव्हा ९७.

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी 'नायॉश' या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या अमेरिकी सरकारी संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे. वरच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९७ ला अर्धा तास.

प्लेअरमध्ये कॉम्प्रेसर होता. सेटिंगच्या पाचव्या पडद्याआड, 'रात्रीचा मोड' अशा नावाखाली. कानासाठी सगळ्यात कामाची गोष्ट इतकी दडवून ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. लोकांना 'कॉम्प्रेशन' म्हटलं की एमपी३ आठवतं. तिथे फाइल लहान होते, इथे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर. गाण्यागाण्यांची पातळी सारखी करणारी सोय वेगळी. ती एकाच रचनेच्या आतलं अंतर तसंच ठेवते.

थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून वरचा आवाज दाबला जातो ती पातळी, हळू भागापर्यंत, सगळ्यात मोठ्या आवाजाच्या ३० डेसिबल खाली आणला. रेशो २:१, म्हणजे त्यावरच्या दर दोन डेसिबलचा एकच उरतो. त्यामुळे ३० डेसिबलचं अंतर १५ वर येतं. रिलीज, म्हणजे दाब सुटायला लागणारा वेळ, लांब ठेवला, नाहीतर प्रत्येक आघातानंतर मागची हवा फुस्सकन वर येते आणि संगीत धापा टाकतं. पुन्हा मोजलं. हळू भाग ८२, मोठा ९७.

मोठा भाग होता तिथेच, उलट हळू भागही जोरात! दाबलेला आवाज भरून काढायला प्लेअरने आपणहून सगळंच १५ डेसिबलने वाढवलं होतं, याला मेकअप गेन म्हणतात. कानावरचा एकूण मारा वाढलाच होता. मग त्याला व्हॉल्यूम खाली आणायला सांगितलं, हळू भाग पुन्हा 'जेमतेम' होईपर्यंत. ६७ आणि ८२. अर्ध्या तासाची मर्यादा सोळा तासांवर गेली. मी मनातून खूश झाले होते. कॉम्प्रेसर लावून व्हॉल्यूम खाली न आणणाऱ्याचं नुकसानच होतं, हेही त्याला आकडे दाखवून सांगितलं.

त्याने रचना पूर्ण ऐकली. इअरफोन काढून म्हणाला, "ती उसळी आता येतच नाही." खरंच येत नव्हती. ज्या जागेसाठी वाजवणाऱ्यांनी वीस मिनिटं दम धरला होता, ती मीच सपाट केली होती.

नंतर वाटलं, मी आधी कॉम्प्रेसरकडेच का धावले? कानात घट्ट बसणारे इअरफोन आधी द्यायला हवे होते. बाहेरची घरघर २० डेसिबलने कमी झाली असती, तर हळू भागासाठी व्हॉल्यूम एवढा चढवावाच लागला नसता. ते मी सांगितलं, पण तो उठता उठता. दिवसभर श्रवणयंत्रांमध्ये कॉम्प्रेशनच लावत असते, म्हणून हात तिकडे गेला.

घट्ट इअरफोन घेईन, तोवर प्रवासात हे चालू ठेवीन, घरी बंद, असं त्याने कबूल केलं. दारात थांबून विचारलं, "पुढे कधी श्रवणयंत्र लागलं, तर त्यातही हे असेल?"

असेल, म्हणाले. संगीतासाठी वेगळा प्रोग्राम लावून देतो, त्यात कमी ठेवतो. पण असेल.

"आणि ते घरी बंद करता येईल?"

कान तेवढा खराब झाल्यावर हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा सहन होत नाही, मधली जागाच अरुंद होते, हे मी त्याला सांगितलं. तो ऑडिओग्रामचा कागद घडी न घालता घेऊन गेला.