भाऊबीजेचा कुकर आणि कोल्हापूरची ४ नोव्हेंबर

२०२४ ची भाऊबीज आली होती रविवारी, ३ नोव्हेंबरला, आणि मी यावेळी ठरवलेलं की ओवाळून घेऊन रात्रीच्या गाडीनं पळत परत यायचं नाही, दोन दिवस रजा टाकायची आणि कोल्हापूर नीट बघायचं. ताई शिवाजी पेठेत नांदतेय त्याला बारा वर्षं झाली आणि मी तिथलं आजवर बघितलंय काय, तर अंबाबाईचं देऊळ, रंकाळा आणि ताईचं किचन. यादीच केली होती, पहाटे गंगावेशीत धारोष्ण दूध, खासबाग मैदान, भवानी मंडप आणि न्यू पॅलेसचं म्युझियम. यादीतलं बरंचसं झालं पण मी जे बघून आलो ते यादीत नव्हतंच.

स्वारगेटवरून एसटी धरली. दिवाळीची गर्दी, पुढं साताऱ्याच्या खाली सहापदरीचं काम सुरू, दर दोन किलोमीटरला डायव्हर्जन, आणि माझ्या मांडीवर पाच लिटरच्या कुकरचं खोकं. ताईनं ओवाळणीत साडी नको कुकर आण म्हणून सांगितलेलं, जुन्याचं झाकण वाकडं झालंय. हा कुकर लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

स्टँडवर दाजी घ्यायला आले. गाडीवर मागं खोकं घेऊन बसलो तर राम राम व्हायच्या आधीच त्यांचं सुरू झालं, "पाव्हणं, बरोबर टायमाला आलासा बगा, उद्या तीन वाजता हितं इषय हार्ड होनार हाय."

आता जे कोल्हापूरचे नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो, कारण मलाही हे दाजींनी सीबीएस, म्हणजे मोठा एसटी स्टँड, ते शिवाजी पेठ एवढ्या अंतरात आणि तीनदा ब्रेक मारून मागं वळून सांगितलंय. निवडणूक विधानसभेची, मतदारसंघ कोल्हापूर उत्तर. २०१९ ला तिथं काँग्रेसचे चंद्रकांत जाधव आले, ते २०२१ ला गेले, मग २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी जयश्री जाधव निवडून आल्या, आणि २०२४ ला तिकीट मिळालं नाही म्हटल्यावर त्या ऐन दिवाळीत शिंदेंच्या शिवसेनेत गेल्या. काँग्रेसनं आधी तिकीट दिलं राजेश लाटकरांना, माजी नगरसेवक, त्यांच्या पत्नी सुरमंजिरी लाटकर महापौर होत्या. तर पक्षाचेच माजी नगरसेवक भडकले, काँग्रेस कमिटीच्या ऑफिसवर दगड पडले. दोन दिवसात उमेदवार बदलला आणि तिकीट गेलं थेट राजघराण्यात, मधुरिमाराजे छत्रपतींना. खासदार शाहू छत्रपतींच्या सूनबाई, मालोजीराजेंच्या पत्नी, माहेरून माजी मंत्री दिग्विजय खानविलकरांच्या कन्या. स्वतः पहिल्यांदाच निवडणुकीला उभ्या. लाटकर बिचारे चिडून अपक्ष उभे राहिले. आणि अर्ज मागं घ्यायची शेवटची वेळ सोमवारी दुपारी तीन. सगळ्या गावाला प्रश्न एकच, लाटकर माघार घेतात का नाही.

लाटकर. मधुरिमाराजे माघार घेतील असं त्या रविवारी मला एकही माणूस बोललेला आठवत नाही.

रविवारी ओवाळणं झालं, कुकर दिला, भाच्यांनी गल्लीत केलेला किल्ला बघितला. शिवाजी पेठेतले किल्ले म्हणजे आपल्यासारखे चार विटा आणि पोतं नाही, तालमीची मोठी पोरं आठवडाभर राबतात, पन्हाळ्याची तीन दरवाजाची कमान पण बारीक कोरलेली. भाच्याला विचारलं हे मावळे एका बाजूलाच का रे सगळे, तर म्हणतो मामा हे अपक्ष आहेत. वय वर्षे नऊ.

सोमवारी पहाटे उठून गंगावेशीत गेलो. म्हशी समोर उभ्या, धार काढली की गाळून ग्लास हातात, वरती फेस. पहिल्या घोटाला मला जरा कसंतरी झालं, खरं सांगतो, पुण्याच्या पिशवीतल्या दुधाची सवय, पण दुसरा ग्लास मीच मागितला. तिथून अंबाबाई, रांग बरी होती, मग भवानी मंडप, मग खासबाग. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान मोकळं असताना बघावं, मधोमध हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, कुठंही बसा हौदा दिसतोच. एक म्हातारबाबा पायरीवर एकटे बसलेले, मी सहज म्हटलं आज कुस्ती नाही का, तर म्हणाले, "हाय की, तीनला."

पावणेतीनला मी बिंदू चौकाजवळ चहाच्या टपरीवर होतो. दाजी पण कामावरून "जरा जाऊन येतो" म्हणून आलेले, असे जरा जाऊन आलेले तिथं वीसेक लोक असतील. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, प्रत्येकाचा ग्रुप वेगळा आणि प्रत्येकाची बातमी वेगळी. लाटकर सापडंनात. फोन बंद. कुणी म्हणतं निघालेत, कुणी म्हणतं गावातच नाहीत. तीनला पाचेक मिनिटं असतील नसतील आणि कुणीतरी फोन बघून म्हणालं, मधुरिमाराजेंनी अर्ज मागं घेतला.

मला वाटलं आता गोंधळ होईल. कोल्हापूर म्हटल्यावर आपल्या डोक्यात जाळ आणि धूर संगटच असतं ना. पण झालं उलटं. सगळे गप्प. चहावाल्याचा स्टो तेवढा आवाज करत होता. एकानं परत विचारलं, "लाटकरांनी घेतला म्हनायचंय तुला?" तर तो म्हणाला, "न्हाई. राजेंनी." मग दोन मिनिटांनी व्हिडिओ आला. निवडणूक कार्यालयातला, काँग्रेसचे इथले नेते सतेज ऊर्फ बंटी पाटील चिडलेत, समोर खासदार शाहू महाराज आणि मालोजीराजे, आणि पाटील तावातावानं बोलून तिथून निघून चाललेत. एवढी मोठी महाविकास आघाडी, आणि कोल्हापूर उत्तरमध्ये हाताचं चिन्हच मशीनवर नाही. २०१९ च्या लोकसभेला याच सतेज पाटलांची 'आमचं ठरलंय' ही घोषणा राज्यभर गाजलेली, तर टपरीवरचा एकजण कपाळावर हात मारून म्हणाला, "आमचं ठरलंय म्हनता म्हनता हेंचं काय ठरंनाच की लगा." तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं, आणि मग जे तोंड सुटलं लोकांचं ते संध्याकाळपर्यंत.

आणि इथं मला एक गंमत दिसली, जी मला वाटतं बाहेरच्या माणसालाच दिसते. लोक सगळ्यांना शिव्या घालत होते. पक्षाला, नगरसेवकांना, मुंबईच्या नेत्यांना, विरोधकांना, टीव्हीवाल्यांना. सगळं अरेतुरे, 'त्यो', 'ह्यो', 'गेला तेल लावत'. पण बोलणं राजघराण्यावर आलं की वाक्य मध्येच गिअर बदलायचं. "महाराजांनी असं कराय नगं हुतं." "राजेंनी आधीच सांगाय पायजे हुतं." आवाज तोच, राग तोच, कपाळाची शीर तशीच ताडताड, पण क्रियापद एकदम अनेकवचनात. एक रिक्षावाले काका एवढे संतापलेले की हातातला चहा सांडला, म्हणाले आमी सहा म्हैन्यामागं उनातानात फिरलोय गादीसाठी, आणि लगेच पुढे, "तरी बी त्यांची काय तरी अडचन असंलच म्हना." म्हणजे भांडणात समोरच्याची वकिली पण स्वतःच करायची. मी असला निषेध कुठं बघितला नव्हता.

सहा महिन्यापूर्वीचं ते म्हणजे लोकसभा, शाहू महाराज काँग्रेसकडून उभे होते. तेव्हा समोरच्या बाजूनं 'मान गादीला, मत मोदीला' अशी घोषणा काढलेली, हुशारीच होती, कारण गादीला नको म्हणायची सोयच नाही या गावात, मान द्यायचा आणि मत बाजूला काढून घ्यायचं. प्रचारात विरोधी उमेदवार संजय मंडलिक, महाराज दत्तक आलेत, खरे वारसदार आहेत का असं काहीतरी बोलून गेले आणि त्यावरून रान पेटलं. लोकांनी मान पण दिला आणि मत पण दिलं, दीड लाखाच्या वर लीड. म्हणून यावेळी जास्त लागलं असणार.

संध्याकाळी घरी आलो तर वेगळाच प्रकार. चिन्हं वाटली गेली होती आणि अपक्ष राजेश लाटकरांना मिळालं होतं प्रेशर कुकर. दाजी दारातच उभे, हातात मोबाईल, एकदा माझ्याकडं बघतात एकदा कट्ट्यावरच्या नव्या कुकरकडं. "पाव्हणं, तुमास्नी आधीच कळालं हुतं व्हय?" ताई हसून हसून खाली बसली. शेजारच्या काकू धनुष्यबाणवाल्या, त्या फराळाचं ताट परत द्यायला आल्या आणि कुकर बघून म्हणाल्या, "अगं बया, प्रचार सुरू पन झाला हितं." ताईनं लगेच कुकरवर पंचा टाकला. आचारसंहितेत कोनशिला आणि बोर्ड कसे कापडानं झाकतात, अगदी तसा.

जेवताना आबांनी, म्हणजे ताईच्या सासऱ्यांनी, तोंड उघडलं. दिवसभर एक शब्द बोलले नव्हते. पंचाहत्तरी पार केलेला माणूस, जुने शेकापवाले. दाजी महाराजांच्या नावानं काहीतरी बोलले, अनेकवचनातच, तर आबा म्हणाले, "ह्ये काईच न्हाई. बासष्टला बगाय पायजे हुतं."

१९६२ ला कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती शहाजी महाराजांनी दत्तक घेतलं. शहाजी महाराज स्वतः १९४७ ला देवासहून दत्तक आलेले, आणि त्यांनी दत्तक घेतला आपल्या मुलीचा मुलगा, नागपूरकर भोसल्यांच्या घरातला. कोल्हापूरला ते अजिबात मान्य नव्हतं. लोक होते राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कन्येच्या, पद्माराजेंच्या बाजूनं. पद्माराजे उद्यान, पद्माराजे हायस्कूल ही नावं मी त्या दोन दिवसात चार वेळा ऐकली असतील, त्यामागं केवढं रामायण आहे हे मला त्या जेवणात कळलं. आबा तेव्हा शाळेत. थोरल्या भावाच्या मागनं मोर्चात गेलेले, चप्पल हरवून आले आणि घरात मार खाल्ला. "आमी वरडाय लागलो का न्हाई, दत्तक रद्द करा म्हनून, घसा बसला माजा. आनि ज्यांच्या नावानं वरडत हुतो ती कोन, तर माज्याच वयाचं पोरगं. चौदा वरसाचं. त्येला काय कळत हुतं आनि मला तरी काय."

मी विचारलं, मग आबा या मे महिन्यात मत कुणाला?

"महाराजास्नी," आबा म्हणाले, आणि ताक मागितलं.

तोच मुलगा म्हणजे आत्ताचे शाहू महाराज. ज्या पेठांनी त्यांच्या दत्तकविधानाविरुद्ध रस्ते अडवले त्याच पेठा आता त्यांना कुणी दत्तक म्हटलं तर अंगावर जातात. मध्ये साठ-बासष्ट वर्षं गेली, पण आबांसाठी ते एका ताटावर होतं, भाताच्या ह्या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. मला कळेना यात हसायचं का काय. रात्री सतेज पाटील कार्यकर्त्यांसमोर बोलताना रडल्याचा व्हिडिओ आला, ताईनं टीव्हीचा आवाज कमी केला कारण आबा झोपले होते.

मंगळवारी मी हट्टानं न्यू पॅलेसला गेलो. दाजी म्हणाले आज कुठं जातायसा तिकडं, मी म्हटलं यादीत आहे. १८७७ ला सुरू होऊन १८८४ ला पूर्ण झालेली, चार्ल्स मँट नावाच्या इंग्रजानं आखलेली काळ्या दगडाची वास्तू, मधोमध घड्याळाचा मनोरा, आवारात हरणं चरताहेत. खाली म्युझियम आणि घराणं राहतं वरच्या मजल्यावर. एरवी मी हे वाक्य वाचून पुढं गेलो असतो. त्या दिवशी तिकीट काढून दरबार हॉलमध्ये उभं राहिलो तर डोकं सारखं छताकडं. रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, फार सुंदर, पण माझ्या आजूबाजूची माणसं पण काचा कमी आणि छत जास्त बघत होती. पेंढा भरलेल्या वाघासमोर दोन बायका कुजबुजत होत्या, एक म्हणाली, "आता वर असतील काय गं?" दुसरी म्हणाली, "गप, ऐकू जाईल." जणू काल दिवसभर अख्खं शहर जे बोलत होतं ते वर ऐकू गेलंच नाही.

दुपारी स्टँडवर सोडायला येताना दाजींनी सांगितलं की काँग्रेसवाले आता लाटकरांच्याच मागं उभे राहतायत. म्हणजे ज्यांच्या तिकिटावरून ऑफिसवर दगड पडले, त्यांच्याच कुकरचा प्रचार, त्याच लोकांनी. दाजींना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. म्हणाले, कार्यकर्त्याला दुसरं काम काय असतंय.

२० तारखेला मतदान झालं, २३ ला निकाल. शिवसेनेचे राजेश क्षीरसागर आले, आणि २०१९ ला जिल्ह्यात चार आमदार असलेल्या काँग्रेसच्या हाती दहापैकी एकही जागा लागली नाही. मी दाजींना फोन लावला, उचलला नाही. संध्याकाळी ताईचा फोटो आला व्हॉट्सअॅपवर. पंचा काढलेला, कुकर गॅसवर, शेजारी शेजारच्या काकूंनी विजयाचे म्हणून दिलेले पेढे. खाली लिहिलेलं, आचारसंहिता संपली, डाळ लावलीय.