फ्रीझरची नोंदवही : जानेवारी

मंडईत मटार उतरला की आमच्या फ्रीझरचा मोठा हंगाम सुरू होतो. घरची परिस्थिती जुन्या वाचकांना माहीत आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही दोघंही नोकरी करतो. बायकोची हॉस्पिटलात शिफ्टची ड्यूटी असते. मुलगा पहिलीत आहे आणि धाकटी दोन वर्षांची. संध्याकाळी सातला घरात शिरल्यावर आठच्या आत मुलांच्या पानात गरम जेवण पडलं पाहिजे, आणि ते घरचं पाहिजे, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

मी पूर्ण शिजवलेल्या भाज्या आता गोठवत नाही. आपल्या स्वयंपाकात वेळ खातं ते आधीचं काम: निवडणं, सोलणं, भिजवणं, मोड आणणं, कांदा लाल होईपर्यंत परतणं, खोबरं भाजणं, वाटणं. फोडणीला दोन मिनिटं लागतात. म्हणून फोडणीच्या अलीकडच्या पायरीवर थांबायचं आणि तिथपर्यंतचं सगळं फ्रीझरमध्ये ठेवायचं. मोहरी-हिंग-कढीपत्ता त्या संध्याकाळीच तेलात पडला की भाजीला ताजेपणा येतो. तो आधीच फोडणी देऊन ठेवलेल्या रश्श्याला गरम करून येत नाही.

या महिन्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते कांदा-खोबऱ्याचं वाटण. सहा मोठे कांदे उभे चिरून तेलात गडद तांबूस होईपर्यंत परतले. दोन वाट्या सुकं खोबरं किसून वेगळं, कोरडंच भाजलं, कारण दोन्ही एकदम घातलं की कांद्याचं पाणी सुटून खोबरं नीट भाजलं जात नाही. लसूण, आलं आणि मूठभर कोथिंबिरीच्या काड्या घालून जेमतेम पाण्यात वाटलं. पूर्ण निवल्यावर झिपच्या पिशवीत भरलं आणि हवा काढून एक सेंटिमीटर जाडीचा चपटा थर केला. मग सुरीच्या बोथट बाजूने पिशवीवरून आडव्या-उभ्या रेघा दाबल्या. गोठल्यावर त्या रेघांवरून चौकोन मोडून घेता येतात. चौघांच्या आमटीला दोन चौकोन, मसाल्याच्या वांग्यांना तीन, अंड्याच्या रश्श्याला चार. मसाला मात्र वाटणात घालत नाही. गोडा की कांदा-लसूण ते त्या दिवशी ठरतं, आणि धाकटीसाठी तिखट न घालता थोडं बाजूला काढता येतं.

चपटा थर जागा वाचवतो, पण खरं कारण वेगळं आहे. पाणी हळूहळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते भाजीच्या पेशी फोडतात आणि वितळताना पाणी सुटतं. कारखान्यात फार कमी तापमानात झटपट गोठवतात. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्या हातात जाडी कमी ठेवणं एवढंच उरतं. मी पिशव्या आधी स्टीलच्या ताटात पसरून ठेवतो. धातू उष्णता लवकर ओढून घेतो आणि गोठण्याचा वेळ चांगलाच कमी होतो. घट्ट झाल्यावर त्या पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या.

मटाराचं काम रविवारी दुपारी, सगळे मिळून. मुलाला सोलायला आवडतं आणि निम्मे दाणे तो तिथेच खातो, ते धरूनच खरेदी करायची. शेंगांच्या वजनाच्या साधारण निम्म्याने, कधी त्याहून कमी दाणे निघतात. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळलं की थोडे थोडे दाणे टाकायचे, दीड ते दोन मिनिटांनी गाळायचे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घालायचे. ही पायरी सोडू नका. दाण्यांचा रंग-चव बदलणारी त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) थंडीत मंदावतात, पण थांबत नाहीत. उकळत्या पाण्यातून न काढलेला मटार दीड-दोन महिन्यांत फिका पडतो आणि त्याला वाळल्या गवताची चव येते. पंचावर कोरडे केलेले दाणे ताटात एका थरात गोठवून मग पिशवीत भरले की सुटे राहतात, मूठभर हवे तर मूठभरच निघतात.

मटकीचंही तसंच. मोड आणून तीन-चार मिनिटं वाफवली, पसरून गार केली आणि सुटी गोठवली. बोटाने दाबली तर दाणा दबावा पण फुटू नये, इतपतच वाफवायची, कारण उरलेलं शिजणं फोडणीत होतं. पिशवीवरची चिठ्ठी अशी: "मटकी, मोडाची, वाफवलेली. ४ जाने. उरलं: फोडणी, वाटण २ चौकोन, गोडा मसाला, गूळ, मीठ. १५ मि." चिठ्ठीवर उरलेलं काम लिहायला लागल्यापासून घरात कुणालाही कुठलीही पिशवी काढून स्वयंपाक करता येतो. बायको लवकर आली तर तीच उसळ टाकते, मला फोन करावा लागत नाही. तारखेपेक्षाही ती ओळ मोलाची आहे. कागदी चिकटपट्टी आणि पक्क्या शाईचं पेन वापरा आणि पिशवी कोरडी असतानाच लिहा.

पोळ्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. पोळी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की कडक होते. गव्हातला स्टार्च शून्याच्या जरा वरच्या थंडीत सगळ्यात लवकर घट्ट होतो. फ्रीझरमध्ये ती क्रिया जवळपास थांबते. त्यामुळे खालच्या कप्प्यापेक्षा फ्रीझरमधली पोळी मऊ निघते. दोन्ही बाजू भाजून घ्यायच्या, पण डाग पडायच्या आधी उतरवायच्या. जाळीवर पूर्ण गार करायच्या, मधे बटर पेपर घालायचा आणि पिशवीतली हवा काढायची. कोमट पोळी बंद केली तर तिची वाफ बर्फ होऊन बसते आणि तव्यावर पोळी चिकट होते. काढल्यावर वितळू द्यायची नाही, थेट तापल्या तव्यावर टाकायची. रोज खायला ताजीच पोळी बरी, पण बायकोच्या रात्रपाळीच्या आठवड्यात या पोळ्यांनी माझी पहाट सोपी केली.

अळूवडी आणि कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून, गार करून अख्खेच गोठवतो. अर्धवट वितळलेला उंडा धारदार सुरीने फार सुरेख कापला जातो, ताज्या उंड्यापेक्षाही कडा स्वच्छ येतात. तळण्याआधी वड्या दहा मिनिटं बाहेर ठेवून कोरड्या पुसा. वरचा बर्फ तेलात गेला की तेल उडतं, आणि ओट्याजवळ लहान मूल असेल तर ते धोक्याचं आहे.

काही गोष्टी मी यादीतून कायमच्या काढल्या आहेत. उकडलेला बटाटा रवाळ आणि पाणचट होतो, तो त्या दिवशीच उकडावा. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. कढी फुटते.

भात चांगला राहतो, पण तिथे शिस्त हवी. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढायला लागतात. म्हणून भात लगेच परातीत पसरायचा, तासाभरात गार करून फ्रीझरमध्ये टाकायचा. एकूणच शिजवलेलं काहीही दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. फ्रीझर जिवाणू मारत नाही, फक्त थांबवतो. वितळवायचं ते खालच्या कप्प्यात, वाढण्याआधी खळखळून उकळी आणायची आणि एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही. लहान मुलांच्या घरात यात मी तडजोड करत नाही.

सासूबाईंचा आक्षेप होता की हे सगळं शिळं अन्न. त्यांच्याशी वाद घातला नाही. संक्रांतीला आल्या तेव्हा मटकीची उसळ समोर फोडणी देऊन वाढली. त्यांनी दोनदा घेतली, आणि जाताना होळीच्या पुरणाचे गोळे आधी करून ठेवता येतील का, असं विचारलं. येतील, आई. साखर-गुळामुळे पुरण फ्रीझरमध्ये दगडासारखं होत नाही. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवलं की सकाळी लाटायला तयार.

वीज जाते त्याचाही विचार करा. दार न उघडता पूर्ण भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो, असं सांगतात. फ्रिजच्या वरच्या छोट्या कप्प्यासाठी हे आकडे बरेच कमी धरावेत. रिकाम्या जागेत मी पाण्याच्या बाटल्या ठेवतो, वरती चार बोटं जागा सोडून, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून आपोआप जरा गरम होतो, आणि अशा वेळी सैल पिशवीतला पदार्थ वाळतो. हवा नीट काढणं तिथे दुप्पट महत्त्वाचं. खोबऱ्याचं वाटण मी दोन महिन्यांत संपवतोच, कारण तेलाला खवट वास फ्रीझरमध्येही येतो, फक्त उशिरा.

पुढच्या महिन्यात उकडीचे मोदक करून बघणार आहे. निम्मे कच्चे गोठवून थेट वाफवायचे, निम्मे वाफवून गोठवायचे. पारीला तडे कशात कमी जातात आणि कळ्या कशात उभ्या राहतात, ते बघायचं आहे. उकडीत तेल किती आणि तूप किती घालता, आणि त्यांपैकी कुठल्या उकडीचे मोदक तुमच्याकडे गोठवून टिकले, ते जरूर कळवा. त्यावरून मी पहिली उकड घेईन.