तुम्ही विचारलंत म्हणून : 11 वर्षांनंतर हात बसतो का?

“सिस्टर, इतक्या वर्षांनी परत हात बसला का हो?” महिन्यातून एकदा तरी मला हे कुणीतरी विचारतंच. विचारणारी बहुतेक वेळा स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली असते, पहिल्या नाहीतर दुसऱ्या बाळंतपणानंतर ड्यूटी सोडलेली. मागच्या आठवड्यात माझ्याच बॅचच्या मैत्रिणीने फोनवर हेच विचारलं आणि बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. माझी ड्यूटीवर निघायची घाई होती, तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

हात बसतो. तुम्हाला वाटतं त्याहून लवकर बसतो.

मी 2008 मध्ये नोकरी सोडली, तेव्हा थोरली सहा महिन्यांची होती. परत उभी राहिले 2019 मध्ये, साताऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात. मुलाखतीत इनचार्ज सिस्टरनी माझ्यापुढे कागद सरकवला. 500 एमएल सलाईन आठ तासांत द्यायचंय, सेट एमएलला 20 थेंबांचा, मिनिटाला किती थेंब? पेन हातात घेतलं आणि आकडे आपोआप उतरले: मिनिटाला 21. अकरा वर्षांत मी हे गणित एकदाही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका आजोबांच्या हाताला इंट्राकॅथच्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवतात त्या नळीच्या जागी सूज आली, तो बदलायचा होता. ट्रे उघडला तर सुईच्या जाडीच्या नंबरांचे रंग तेच. हिरवा 18 चा, गुलाबी 20 चा, निळा 22 चा, पिवळा 24 चा. आजोबांचे हात शेतात राबलेले, कातडी जाड, शीर दिसतच नव्हती. मी शीर फुगवायचा पट्टा, टुर्निके, बांधला, डोळ्यांनी शोधणं सोडून दिलं आणि बोट फिरवत राहिले. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, एके ठिकाणी बोटाखाली मऊ उसळी लागली. निळा घेतला. मागच्या चेंबरमध्ये रक्त आलं तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं. आजोबा म्हणाले, “पोरी, कळलं पण न्हाई.”

म्हणून मैत्रिणींनो, विसरलेल्या गोष्टींना घाबरू नका. विसरलेलं परत येतं, नाही आलं तर आपण विचारतो. मला खरी भीती वाटली ती पक्क्या लक्षात राहिलेल्या गोष्टींची. त्या आपण विचारत नाही, थेट करतो.

जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात बीएलएसचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला प्राथमिक जीवरक्षण देण्याचं ट्रेनिंग होतं. हॉलमध्ये जमिनीवर पुतळा ठेवलेला. माझी पाळी आली. मी गुडघ्यावर बसले, डोकं मागे केलं, हनुवटी उचलली, श्वास बघायला कान नाकाशी नेला. सगळं अगदी शिकवलं होतं तसं. सर शांतपणे म्हणाले, “सिस्टर, पेशंटचं हृदय अजून बंदच आहे.” मी शिकले तेव्हा आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबायची. 2010 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने तो क्रम बदलला. आता आधी छातीवर दाब: मिनिटाला 100 ते 120, निदान पाच सेंटीमीटर खोल, 30 दाबांनंतर दोन श्वास. हृदय अचानक थांबतं तेव्हा रक्तात थोडा वेळ ऑक्सिजन शिल्लक असतो, ते रक्त पुढे ढकलणारं कुणी नसतं. मी घरी मुलीचा अभ्यास घेत होते त्या काळात हे सगळीकडे लागू झालं. मला पत्ताही नव्हता, आणि माझ्या हातांना पूर्ण खात्री होती. त्या रात्री मला झोप आली नाही. पुतळ्याऐवजी कुणाचा तरी बाप असता तर, हेच डोक्यात.

दुसरी गोष्ट सुईची. इंजेक्शन दिल्यावर सुईला टोपण परत बसवू नये, हे आम्हालाही सांगायचे, पण वॉर्डात सर्रास सगळे बसवत. माझाही हात सवयीने टोपणाकडे गेला. शेजारी 23 वर्षांची सिस्टर होती, तिने माझं मनगट धरलं. “ताई, नको. कटर इथे आहे.” ट्रॉलीलाच हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापून टाकायचं यंत्र, लावलेला होता. कचऱ्याचंही तसंच. हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी पिशव्यांच्या रंगांची मांडणी बदलली. मुदत संपलेली औषधं आम्ही काळ्या पिशवीत टाकायचो, ती आता पिवळ्या पिशवीत जातात. सलाईनच्या बाटल्या आणि सेट लाल पिशवीत, औषधाच्या काचेच्या बाटल्या, म्हणजे व्हायल, निळ्या डब्यात, सुया पांढऱ्या डब्यात. मी एका छोट्या वहीत दोन रकाने केले: ‘आधी’ आणि ‘आता’. रोज घरी जाताना त्यात काहीतरी भर पडायची. ती वही अजून माझ्या एप्रनच्या खिशात असते.

त्या 23 वर्षांच्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, मी अकरा वर्षं बाहेर होते, चुकले तर जागच्या जागी टोक. गॅप लपवू नका, हे मी कळकळीने सांगते. लपवली की तुम्हाला कुणी टोकत नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

लोक धीर द्यायला म्हणतात, “मुलं वाढवली म्हणजे घरी नर्सिंगच केलं की.” मला हे पटत नाही. मुलं वाढवणं मोठं काम आहे, मी ते मनापासून केलं, पण त्याने इन्सुलिनचा डोस कळत नाही. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवावा.

आता कागदाचं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्याला सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या पुढच्या नर्सिंग शिक्षणाचे तास लागतात. माझी मुदत कधीच उलटून गेली होती. नोकरी शोधण्याआधी हेच उरकून घ्या, कारण रजिस्ट्रेशन नसेल तर चांगलं हॉस्पिटल तुमच्याशी बोलतही नाही. सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाला साधारणपणे 38 आणि मागासवर्गीयांना 43 ही वयाची मर्यादा. मी चाळिशीला पोचले होते, तो रस्ता माझ्यासाठी बंद. पगार नुकत्याच पास झालेल्या मुलीइतकाच मिळाला. वाईट वाटलं, पण तेव्हा माझं कामही तेवढंच होतं. वर्षाने वाढला.

नाईटचं विचारतात सगळ्या. पहिले चार महिने मी इनचार्जना विनंती करून फक्त सकाळ-दुपार घेतली. पहिल्या नाईटला धाकटा जागाच राहिला, सासूबाई त्याला कुशीत घेऊन बसल्या. त्याने विचारलं, “आजी, आई कुणाकडे गेलीये?” सासूबाई म्हणाल्या, “ज्यांना बरं नाही ना, त्यांच्याकडे.” सकाळी मी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट सोपवून, आठला घरी आले. तो दारातच उभा होता, शाळेचा एकच मोजा घातलेला. म्हणाला, “बरे झाले का ते?”

मी म्हटलं, “एक झाले. दोघं अजून आहेत. रात्री परत जायचंय.”

“मग झोप आता,” म्हणाला, आणि दुसरा मोजा शोधायला आत गेला.