सात नंबरच्या खोलीची ओल

राजस्थानातली जुनी गढी, आता हॉटेल. दर वर्षी रंग देतात आणि डिसेंबरात पापुद्रे सुटतात, म्हणून वॉटरप्रूफिंग कुठलं लावायचं हे विचारायला मला बोलावलं. डिसेंबर ऐकूनच शंका आली. तिथे तेव्हा पाऊस नसतो, पाहुणे असतात.

सात नंबरच्या पलंगामागे तीन फुटांपर्यंत लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार. गवंड्यानं छिन्नीनं हातभर गिलावा उतरवला: वर प्लॅस्टिक रंग, मग दीड इंच सिमेंट, मागे जुना चुना. सिमेंट ठणठणीत, चुना मात्र चिमटीत पीठ. दगड-चुन्याची भिंत पाणी ओढते तसं बाहेरही सोडते. सिमेंटनं ती वाट बुजली की ओल वर चढते, क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात आणि आधी चुनाच फोडतात.

या गढ्या डोंगराला टेकून टप्प्याटप्प्यानं चढलेल्या. नीमराणाही तसाच; १४६४ पासूनचा किल्ला, १९४७ नंतर ओस पडला, १९८६ मध्ये विकला गेला आणि १९९१ मध्ये हॉटेल झाला. अशा ठिकाणी एकाचं छत ते दुसऱ्याचं अंगण. त्यात पूर्वी कोठारं होती, पागा होत्या. खोलीगणिक न्हाणीघर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

वरच्या बाथरूममध्ये हिरवा रंग कालवून दोन बादल्या ओतल्या. चाळीस मिनिटांनी सात नंबरच्या भिंतीत दगडांमधल्या उघड्या दरजेतून हिरवा ओघळ आला. नळकाम करणाऱ्यानं सांडपाण्याचा पाइप भिंतीतल्या जुन्या पन्हाळीत सोडून दिला होता. पन्हाळ अजून शाबूत, पण तिचं खालचं तोंड अंगणाच्या काँक्रीटखाली गाडलेलं.

उपाय सांगितला तो असा. पाइप भिंतीबाहेरून न्यायचा, पन्हाळीचं तोंड मोकळं करायचं. ओलीच्या रेषेवर आणखी फूटभर सिमेंट सोलायचं. भिंत महिन्याला जेमतेम इंचभर सुकते, तोवर कागदाचा ओला लगदा थापून, सुकला की काढून क्षार ओढायचे. मग एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी), अर्ध्या इंचाचे थर. प्रत्येक थर गोणपाटाखाली आठवडाभर ओला. वर फक्त चुन्याची सफेदी.

मॅनेजरनं बुकिंगची वही पुढे केली. पाइपचं काम त्याच आठवड्यात करायचं ठरलं. सात नंबर सिमेंट सोलून पंखा लावून बंद. गिलावा पुढच्या सीझननंतर.